टीएमसी, क्युसेक आणि एक फुटाचा डबा

अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत धरणाचा साठा टीएमसीत येतो, विसर्ग क्युसेकमध्ये येतो आणि मराठवाड्यातल्या धरणांचे आकडे दलघमीत येतात. ही एकके एकमेकांत बदलताना दर वेळी शून्ये चुकतात आणि गुणायचे की भागायचे हे समजत नाही. पुस्तकात ‘ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड काढा’ (म्हणजे संख्या दहाच्या कोणत्या घाताजवळ आहे ते सांगा) असे म्हटले की काहीतरी ठोकून द्यायचे की रीतसर गणित करायचे, हेही कळत नाही. शेवटी त्याने विचारले आहे की पुण्याच्या चार धरणांतले पाणी नुसते पिण्यासाठी वापरले, तर ते किती दिवस पुरेल.

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. एकक-रूपांतर आणि अंदाज या दोन गोष्टी पुस्तकात वेगवेगळ्या उपविभागांत येतात, मुलेही त्या वेगवेगळ्या पाठ करतात आणि त्यामुळेच दोन्हींत चुकतात, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. रूपांतरातली चूक क्वचितच दोन-चार टक्क्यांची असते. ती दहापट, शंभरपट, हजारपट असते. एवढी ढोबळ चूक पकडण्यासाठी ढोबळ अंदाजच लागतो आणि तो रूपांतराच्या आधी बांधलेला असावा लागतो.

टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, सरळ मराठीत एक अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. फूट आणि मीटर यांचे नाते पक्के ठरलेले आहे: १ फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. एवढ्या सामग्रीवर टीएमसीचे घनमीटर करायला फळ्यावर बोलावले की निम्मी मुले एकच चूक करतात. ती लिहितात: एक घनफूट म्हणजे ०.३०४८ घनमीटर, म्हणून एक टीएमसी म्हणजे ३०.४८ कोटी घनमीटर. गुणाकार बिनचूक असतो आणि उत्तर जवळजवळ अकरापट मोठे असते.

अशा वेळी मी ‘घन करायला विसरलास’ असे सांगत नसे. मी त्या मुलाला हातांनी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा डबा हवेत दाखवायला सांगत असे. मग विचारत असे, यात पाणी किती लिटर मावेल? डबा डोळ्यांसमोर आला की मुले वीस, पंचवीस, तीस असे काही सांगतात, कारण वीस लिटरचा पाण्याचा जार सगळ्यांनी उचललेला असतो. आता फळ्यावरचे उत्तर पाहा. एका घनमीटरात १,००० लिटर असतात, म्हणजे ०.३०४८ घनमीटर म्हणजे ३०५ लिटर. बांधकामावर ठेवलेला निळा पिंप २०० लिटरचा असतो. एक फुटाच्या डब्यात दीड पिंप पाणी मावले! वर्ग हसतो आणि फळ्यावरचा मुलगा न सांगता खडू उचलतो. ०.३०४८ चा घन ०.०२८३ येतो, म्हणजे एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, आणि एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर किंवा २८.३ दलघमी. ही एक संख्या लक्षात ठेवली की वर्तमानपत्रातली तिन्ही एकके हाताशी येतात. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी असे वाचले की २८.३ ने भागून सुमारे ७६.७ टीएमसी हे लगेच निघते.

गुणायचे की भागायचे, हा प्रश्न मुळात पडूच नये. तो पडतो, कारण एकक म्हणजे संख्येच्या मागे लावलेले शेपूट आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकक हा राशीतला गुणक आहे. ‘७२ किलोमीटर प्रतितास’ यात ७२ ला किलोमीटरने गुणले आहे आणि तासाने भागले आहे. त्यामुळे किलोमीटरच्या जागी १,००० मीटर आणि तासाच्या जागी ३,६०० सेकंद लिहायचे आणि उरलेले अंकगणित करायचे, एवढेच रूपांतर असते. ७२ गुणिले १,००० भागिले ३,६००, म्हणजे २० मीटर प्रतिसेकंद. पाच-अठरांशाचे सूत्र मुले पाठ करतात आणि परीक्षेत नेमके उलटे लावतात. त्याऐवजी ३६ किलोमीटर प्रतितास म्हणजे १० मीटर प्रतिसेकंद एवढी एक जोडी लक्षात ठेवावी. मग गावातून हळू चाललेली एसटी सेकंदाला शंभर मीटर जाते असे उत्तर आले, तर ते चुकले हे सूत्राशिवाय समजते.

दुसरी रीत म्हणजे ‘एक’ने गुणणे. ०.३०४८ मीटर भागिले १ फूट या अपूर्णांकाची किंमत एकच आहे, कारण वर आणि खाली तीच लांबी आहे. कोणत्याही राशीला अशा ‘एक’ने कितीही वेळा गुणले तरी राशी बदलत नाही, फक्त तिचा पोशाख बदलतो. नको असलेले एकक छेदात येईल असा ‘एक’ निवडायचा आणि ते छाटून टाकायचे. घनफूट छाटायचे असतील तर हा ‘एक’ तीनदा लागतो आणि घन करणे आपोआप होते. मात्र यासाठी प्रत्येक ओळीत एकक लिहावे लागते. शेवटच्या ओळीत एकदाच ‘मीटर’ चिकटवणाऱ्यांना या रीतीचा काही फायदा होत नाही. वेळ वाचवण्यासाठी मधली एकके गाळणारी हुशार मुलेच या प्रकरणात जास्त गुण घालवतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

मिती विसरण्याचे एक अस्सल देशी उदाहरण बांधकामावर भेटते. वाळू आणि खडी ब्रासने विकली जाते आणि तिथे एक ब्रास म्हणजे १०० घनफूट असते. पण प्लास्टर किंवा फरशीचे काम मोजताना तेच ठेकेदार ब्रास म्हणतात तेव्हा ते १०० चौरसफूट असते. शब्द एक, पण राशी दोन. गवंड्याचा त्यात गोंधळ होत नाही, कारण समोर वाळूचा ढीग आहे की भिंत, हे त्याला दिसत असते. कागदावर काम करणाऱ्याला दिसत नाही, म्हणून त्याने एकक लिहायचे. एक ब्रास वाळू म्हणजे २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूची घनता साधारण १,६०० किलो प्रति घनमीटर धरली, तर तिचे वजन साडेचार टन भरते. छोट्या टेम्पोत दोन ब्रास टाकून आणतो असे कोणी म्हणाले, तर तो नऊ टनांची गोष्ट करतो आहे, हे अंदाज येणाऱ्या माणसाच्या लगेच लक्षात येते.

आता क्युसेक. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे ढोबळमानाने एक लाख. म्हणून एक अब्ज घनफूट पाणी एका दिवसात सोडायचे असेल, तर सेकंदाला सुमारे दहा हजार घनफूट सोडावे लागेल. हा झाला अंदाज आणि तो तोंडी होतो. नेमके गणित केले की ११,५७४ क्युसेक येतात. दिवस लाखापेक्षा थोड्या कमी सेकंदांचा असल्यामुळे उत्तर दहा हजारांपेक्षा थोडे जास्तच यायला हवे होते, आणि तसे ते आले. आता खडकवासला धरणातून ३५,००० क्युसेकचा विसर्ग चालू आहे असे समजा. दिवसाला तीन टीएमसी झाले. खडकवासल्याची स्वतःची क्षमता १.९७ टीएमसी आहे. म्हणजे वरून पाणी येणे थांबले, तर या वेगाने सारे धरण सोळा तासांच्या आत रिकामे होईल. वरच्या पानशेत-वरसगावच्या तुलनेत हे धरण किती लहान आहे आणि पावसाळ्यात त्याचा विसर्ग काही तासांनी का बदलावा लागतो, हे दोन आकडे एका एककात आणल्यावरच दिसते. त्याच ३५,००० क्युसेकला २८.३ लिटरने गुणले, तर सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर, म्हणजे हजार टन पाणी येते. मुठेच्या पुलावर उभे राहून पाहणाऱ्याला हा आकडा जरूर सांगावा.

इथे शिस्तीची एक बाब सांगून ठेवतो. १.९७ टीएमसीचे दलघमी करताना गणकयंत्र ५५.७८४ आणि पुढे आणखी अंक दाखवते. मूळ आकड्यात तीनच सार्थ अंक आहेत, म्हणून ५५.८ लिहावे. रूपांतराने मोजमाप अधिक अचूक होत नाही.

आणि एक अपवाद. तापमानाला ही ‘एक’ने गुणण्याची रीत चालत नाही, कारण सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांची शून्ये वेगळ्या ठिकाणी आहेत. १०२ अंश फॅरनहाइट तापाला पाच-नवमांशाने गुणले तर जवळजवळ ५७ अंश सेल्सिअस येतात आणि रुग्ण शिजून निघतो. आधी ३२ वजा केले की ३८.९ येतात. मात्र ताप ‘दोन अंश फॅरनहाइटने उतरला’ असे असेल, तर ते तापमान नसून तापमानातला फरक आहे आणि त्याला पाच-नवमांशाने गुणणेच बरोबर. परीक्षक इथेच फसवतात.

अंदाज आधी का बांधायचा, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रिअलहून एडमंटनला निघाले होते. त्या काळात कॅनडा जुन्या एककांकडून मेट्रिक पद्धतीकडे वळत होता आणि हे विमान किलोग्रॅममध्ये इंधन मोजणाऱ्या नव्या विमानांपैकी होते. टाकीतले इंधन दाखवणारी यंत्रणा नादुरुस्त होती, म्हणून पट्टीने मोजले, तेव्हा ७,६८२ लिटर इंधन शिल्लक निघाले. प्रवासाला २२,३०० किलो हवे होते. लिटरचे किलो करण्यासाठी १.७७ हा गुणक वापरला गेला. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. हे २२,३०० मधून वजा केले, उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागले आणि सुमारे ४,९१७ लिटर इंधन भरले. सारे अंकगणित बरोबर होते. पण १.७७ हा लिटरमागे पौंडांचा आकडा होता. किलोंचा आकडा ०.८ च्या आसपास आहे. विमानात प्रत्यक्षात सुमारे दहा हजार किलोच इंधन होते, गरजेच्या निम्म्याहूनही कमी. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली आणि वैमानिकांनी ते प्रचंड विमान ग्लायडरसारखे तरंगवत गिमली येथील जुन्या हवाईतळावर उतरवले. एकही जीव गेला नाही.

आता त्या १.७७ कडे पाहा. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो असते. विमानाचे इंधन हे रॉकेलचेच भावंड आहे आणि रॉकेल पाण्यावर तरंगते. म्हणजे लिटरभर रॉकेलचे वजन एक किलोपेक्षा कमीच असणार. १.७७ किलो वजनाचा लिटर पाण्याच्या तळाशी जाऊन बसला असता. हा विचार करायला विमानविद्या लागत नाही, कंदिलात रॉकेल भरलेल्या कोणालाही तो सुचू शकतो. पण तो आपोआप सुचत नाही. गणकयंत्र हातात घेण्याआधी ‘उत्तर साधारण केवढे असावे’ हे विचारण्याची सवय असेल तरच सुचतो. घनतेच्या गणितांत मुले पाऱ्याची घनता ०.०१३६ किलो प्रति घनमीटर लिहितात, तीही याच जातीची चूक. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, हे पक्के असेल, तर घनमीटरभर पारा चौदा ग्रॅमचा होऊ शकत नाही, तो साडेतेरा टनांचाच असणार.

अंदाज बांधायचा म्हणजे ठोकून द्यायचे नाही. ज्या राशीबद्दल काहीच सांगता येत नाही, ती अशा घटकांच्या गुणाकारात फोडायची की ज्यांच्याबद्दल काहीतरी सांगता येईल. प्रत्येक घटकाला ‘याहून कमी नक्की नाही’ आणि ‘याहून जास्त नक्की नाही’ अशा दोन मर्यादा घालायच्या आणि मग त्या दोहोंची सरासरी न काढता त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यायचे. वर्गमूळ का? सरासरी नेहमी मोठ्या संख्येकडे झुकते. १० आणि १,००० यांची सरासरी ५०५ आहे, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळजवळ निम्मी, पण खालच्या मर्यादेच्या पन्नासपट. वर्गमूळ १०० येते, ते दोन्हींपासून सारखेच दहापट दूर. अंदाजाच्या जगात अंतर वजाबाकीने नव्हे, तर पटीने मोजतात.

या रीतीने पुण्याचा प्रश्न करू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी आहे. शहराची लोकसंख्या? २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे ३१ लाख लोक होते, म्हणून ३० लाखांहून कमी नाही. एक कोटीहून जास्तही नाही. गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे ५५ लाख. माणशी रोजचे पाणी? पन्नास लिटरहून कमीत शहरी घर चालत नाही आणि पाचशेहून जास्त बहुतेकांना मिळत नाही. वर्गमूळ सुमारे १६०. शहरी पाणीयोजनांसाठी आपल्याकडे माणशी १३५ लिटरचे प्रमाण धरतात, म्हणजे अंदाज वाटेवर आहे. ५५ लाख गुणिले १६० म्हणजे रोज ८८ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटर, तेव्हा एक टीएमसी सुमारे ३२ दिवस चालेल आणि २९.१५ टीएमसी साधारण ९३० दिवस. ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड विचारली असेल, तर उत्तर एक हजार दिवस, म्हणजे दहाचा तिसरा घात.

हे उत्तर पाहून थांबू नये, त्याला प्रश्न विचारावा. भरलेली धरणे अडीच वर्षे पुरत असतील, तर दर उन्हाळ्यात पुण्यात पाणीकपातीची चर्चा का होते? माझी लोकसंख्या आणि माझे लिटर दोन्ही दुपटीने चुकले आणि दोन्ही चुका एकाच बाजूला गेल्या, तरीही पाणी साडेसात महिन्यांच्या आत संपत नाही. म्हणजे खोट लोकसंख्येत नसून गृहीतकात आहे. हे पाणी एकट्या शहराचे नाही. कालव्याने ते हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतीला जाते, काही गळतीत जाते, काही बाष्प होऊन जाते. अंदाजाने आपल्याला नेमका आकडा दिला नाही, पण कोणती गोष्ट हिशेबातून सुटली हे दाखवले.

चुका एकाच बाजूला गेल्या तर, असे मी म्हटले, पण तसे सहसा होत नाही. चार घटकांचा गुणाकार असेल आणि प्रत्येकात दुपटीची चूक शक्य असेल, तर सर्वांत वाईट परिस्थितीत उत्तर सोळापट चुकेल. पण एक अंदाज जास्त आणि दुसरा कमी अशी चुकांची आपापसांत बरीच कटाकटी होते आणि एकूण चूक साधारण चौपटीच्या आसपास राहते, कारण स्वतंत्र चुकांचे लॉगरिदम वर्गमुळाच्या नियमाने जमतात: चार दुपटींच्या मिळून चारच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे दोनच दुपटी होतात. म्हणून घटक थोडे जास्त पाडायला घाबरू नये. मात्र ही सवलत गुणाकार-भागाकारालाच आहे. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या राशींच्या वजाबाकीवर उत्तर अवलंबून असेल, तर ढोबळ अंदाज काही कामाचा नाही. धरणात आलेले पाणी वजा गेलेले पाणी असा हिशेब अंदाजाने करणाऱ्याचे धरण कधीकधी उणे भरते.

पुस्तकी प्रश्नांसाठी एक वाद मिटवून टाकतो. ४ ची ऑर्डर काय, १ की १०? आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत सहसा ५ ही सीमा मानतात आणि त्यानुसार उत्तर १. पटीच्या हिशेबाने पाहिले, तर ४ ही संख्या १ च्या चौपट आहे आणि १० मात्र तिच्या अडीचपटच आहे, म्हणजे ती १० च्या जवळ आहे. सीमा १० च्या वर्गमुळावर, ३.१६ वर असायला हवी. मला दुसरी रीत तर्कशुद्ध वाटते. परीक्षेत तुमच्या पुस्तकाची रीत लिहा आणि पुढे भौतिकशास्त्र करणार असाल तर दुसरी वापरा. मुळात ज्या प्रश्नाचे उत्तर या सीमेवर लोंबकळते, तो प्रश्न ऑर्डर विचारण्यासाठी चांगला नाही.

एककाचे नाव सारखे आणि किंमत वेगळी, असाही सापळा असतो. आहारतज्ज्ञ माणसाला दिवसाला २,००० कॅलरी हव्यात असे म्हणतात. एक कॅलरी म्हणजे ४.१८ जूल हे पुस्तकातले रूपांतर वापरून दिवसाच्या सेकंदांनी भागले, तर शक्ती ०.१ वॅट येते. मोबाइलचा साधा चार्जरही पाच-दहा वॅटचा असतो. मग जिवंत, चालता-बोलता, ३७ अंशांवर गरम असलेला माणूस ०.१ वॅटवर चालतो? आहारातली कॅलरी ही प्रत्यक्षात किलोकॅलरी असते. उत्तर हजारपट, सुमारे १०० वॅट, जुन्या पिवळ्या बल्बएवढे. शंभर मुलांनी भरलेला वर्ग म्हणजे दहा किलोवॅटची शेगडी. एसीतला ‘एक टन’ हेही वजन नसून शक्तीच आहे, एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी शक्ती लागेल तेवढी, सुमारे साडेतीन किलोवॅट. म्हणजे नुसत्या मुलांच्या अंगची उष्णता बाहेर काढायला तीन टनांचा एसी लागेल. दुपारच्या तासाला मुले का पेंगतात, याचे सारे खापर शिक्षकावर फोडू नये.

अंदाजाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नासाचे मंगळाकडे गेलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. जमिनीवरच्या एका संगणक-आज्ञावलीने यानाच्या छोट्या धक्क्यांचा आवेग (बल गुणिले काळ) पौंड-सेकंदांत दिला होता आणि पुढची आज्ञावली तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून चालत होती. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे, ते सुमारे ५७ किलोमीटरवर येऊन वातावरणात शिरले. ४.४५ पटीची चूक दहाच्या एका घाताच्या आतली आहे आणि आकडेही लहानसहान दुरुस्त्यांचे होते, त्यामुळे ‘हे केवढे असावे’ असा प्रश्न विचारूनही कोणाला खटकले असतेच असे नाही. तिथे आकड्यासोबत लिहिलेले एककच उपयोगी पडले असते. म्हणून दोन्ही सवयी लागतात.

शेवटी दोन्ही एकत्र वापरून एक हिशेब. कोयनेच्या धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. त्यातले पाणी सह्याद्रीतल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात पोफळीच्या बाजूला सोडून वीज तयार होते. हे पाणी कृष्णा खोऱ्याबाहेर जात असल्यामुळे कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पाणी साधारण पाचशे मीटर खाली येते. त्यापुढे कोळकेवाडीला तेच पाणी आणखी शंभरेक मीटर उतरते, पण जनित्रे आणि बोगद्यांतली घट धरली, तर परिणामी पाचशे मीटर मानायला हरकत नाही. एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी किलो. त्याला गुरुत्वत्वरण ९.८ ने आणि ५०० मीटरने गुणले की जवळजवळ १४ हजार कोटी किलोजूल येतात. विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३,६०० किलोजूल. भागले की एका टीएमसीमागे सुमारे ३.८५ कोटी युनिट आणि ६७.५ टीएमसीमागे सुमारे २६० कोटी युनिट.

आता दुसऱ्या बाजूने. कोयना प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वर्षात ८,७६० तास असतात. सारी जनित्रे अहोरात्र चालली, तर वर्षाला सुमारे १,७०० कोटी युनिट निघायला हवेत. पाणी मात्र २६० कोटींचेच. पहिल्यांदा हे दोन आकडे शेजारी मांडणारा विद्यार्थी आपले कुठेतरी शून्य चुकले असे समजून गणित पुन्हा करतो, पण गणितात चूक नाही. हे गुणोत्तर १५ टक्के आहे, म्हणजे पूर्ण क्षमतेने दिवसाला साडेतीन-पावणेचार तास. कोयना बांधली आहे ती दिवसभर मंद वीज देण्यासाठी नाही. संध्याकाळी राज्यभर दिवे, पंखे आणि गिरण्या एकदम सुरू होतात, तेव्हा काही मिनिटांत जनित्रे चालू करून ती मागणी उचलण्यासाठी ती बांधली आहे. कोळशाच्या केंद्राला इतक्या झटपट चालू-बंद होता येत नाही.